पाणी निळं नसतं, फरशी निळी असते

"मॅडम, पाणी बघा ना कसं निळंशार आहे!"

मे महिन्यातली सकाळ. सहा वर्षांची भाची खांद्यावर टॉवेल टाकून, गॉगल कपाळावर चढवून माझ्या शेजारी उड्या मारतेय. तलावाच्या खिडकीत तिकिटं फाडणाऱ्या दादांना मी फक्त एवढंच विचारलं होतं, "आजचं क्लोरीन किती आहे?" त्याचं हे उत्तर.

मी म्हटलं, "दादा, निळी फरशी आहे. पाण्याला कुठे रंग असतो?"

ते हसले. म्हणाले, साहेबांना विचारा. साहेब कधी येतात? "येतात तसे." नोंदवही आहे का? "असेल ना ऑफिसात." ऑफिसला कुलूप होतं. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "अगो, मुलं पाण्यात पडून पोहायला शिकतात, आकडे विचारून नाही." रांग हसली. मीही हसले, पैसे भरले आणि भाचीला आत सोडलं.

तिसऱ्या दिवशी तिचा कान ठणकायला लागला. डॉक्टरांनी कानात घालायला थेंब दिले आणि पुढचे काही दिवस पाण्यात जायचं नाही म्हणून बजावलं. सुट्टीतलं पोहणं तिथेच संपलं.

तलावाच्या पाण्यामुळेच तिचा कान दुखला का? मला माहीत नाही. त्याच आठवड्यात ती समुद्रावरही गेली होती, आणि कानात बोटं घालायची तिला सवयच आहे. म्हणून मी तलावाचं नाव इथे लिहीत नाही. पण माझी तक्रार नेमकी तीच आहे. त्या दिवशी पाण्यात काय होतं हे मला शोधायचं म्हटलं तरी शोधता येणार नाही, कारण ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. लिहिलं असलंच, तर ते कुलपाआड आहे. मला तलाव दोषी ठरवता येत नाही आणि तलावाला आपण निर्दोष आहोत हे दाखवता येत नाही.

मी रत्नागिरीत घरी बसून एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. ते सुरू आहेत का, किती तापलेत, किती वेळात उत्तर देतात, याची नोंद दर काही सेकंदांनी आपोआप होते. आकडा ठरलेल्या रेषेबाहेर गेला की रात्री तीन वाजता माझा फोन वाजतो. कशासाठी? बहुतेक वेळा कुणाचं तरी डिस्काउंट कूपन लागत नसतं म्हणून. कूपनासाठी एवढी नोंद ठेवणाऱ्या देशात शंभर मुलं ज्या पाण्यात तोंड बुडवतात त्याची नोंद "निळंशार" या शब्दावर भागते, याचा मला राग येतो. हा लेख त्या रागाचा आहे.

दोन आकडे

तलावाचं पाणी तपासणं म्हणजे काही रॉकेट सोडणं नव्हे. मुख्य आकडे दोनच: मोकळं क्लोरीन आणि पीएच.

मोकळं क्लोरीन म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं क्लोरीन. सकाळी पावडर टाकली म्हणून ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही. घाम, लघवी, अंगावरची क्रीम, डोक्याचं तेल हे सगळं त्याला खाऊन टाकतं. वरून ऊनही खातं. उघड्या तलावातलं क्लोरीन मे महिन्याच्या उन्हात काही तासांत उडून जाऊ शकतं. म्हणजे सकाळी सहाच्या बॅचला मिळालेलं पाणी आणि दुपारी चारच्या बॅचला मिळालेलं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. तिकीट मात्र सारखंच.

पीएचचं महत्त्व त्याहून कमी लोकांना माहीत असतं. पीएच ७.५च्या आसपास असेल तर पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं जंतू मारण्याच्या कामाचं असतं. तोच पीएच ८.५वर गेला की कामाचं क्लोरीन जेमतेम १० टक्के उरतं. पावडर तेवढीच, खर्च तेवढाच, उपयोग पाचवा हिस्सा. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली तलावांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत क्लोरीन वापरणाऱ्या तलावाचा पीएच ७.२ ते ७.८ ठेवायला सांगितलं आहे.

आता एक गैरसमज. "क्लोरीनचा वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ आहे" असं आपण सगळेच म्हणतो. डोळे चुरचुरवणारा तो उग्र वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा असतो, म्हणजे घाम आणि लघवीशी भिडून खर्ची पडलेल्या क्लोरीनचा. म्हणजे नाकही फसवतं आणि डोळेही.

क्लोरीन ठीक असलं तरी काम संपत नाही. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही दहा दिवस तग धरू शकतो. म्हणून जुलाब झालेल्या मुलाला तलावात आणू नये हा नियम लागतो, म्हणून गाळणी नीट चालावी लागते. उलट, ज्या अमिबाच्या बातम्यांनी २०२४ आणि २०२५मध्ये केरळ हादरलं, तो कोमट गोड्या पाण्यात वाढतो, नाकावाटे मेंदूत शिरतो, पण पुरेशा क्लोरीनपुढे टिकत नाही. केरळ सरकारने नंतर विहिरी आणि टाक्यांच्या क्लोरिनेशनची मोहीम काढली आणि तलाव चालवणाऱ्यांना क्लोरीनच्या नोंदी ठेवायला सांगितलं. मुलं गेल्यावर.

"आपल्याकडे नियमच नाहीत हो" हे वाक्य इथे हमखास येतं. ते खरं नाही. पोहण्याच्या तलावातलं पाणी कसं असावं याचं भारतीय मानक, आयएस ३३२८, १९९३चं आहे. ते माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. त्याच वर्षी १ जूनला ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या स्थानिक संस्थांकडे द्यायच्या कामांमध्ये सार्वजनिक आरोग्य आहे, आणि उद्यानं, बागा, क्रीडांगणंही आहेत. म्हणजे काय मोजायचं आणि कुणी सांभाळायचं, ही दोन्ही उत्तरं एकाच वर्षी कागदावर आली. तो कागद तिकिटाच्या खिडकीपर्यंत काही पोहोचला नाही.

विहिरीचं कार्ड

हे सगळं परदेशी थाटाचं वाटत असेल तर जरा आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यात चला.

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात. वाडीला एक सार्वजनिक विहीर आहे, तिच्यावरून नळपाणी योजना चालते. तिथे जलसुरक्षक नावाचा माणूस आहे. ग्रामपंचायतीने नेमलेला, मानधन तुटपुंजं. तो पाण्यात टीसीएल पावडर टाकतो. मग एखाद्या घरी येतो, नळाचं पाणी छोट्या नळीत घेतो, त्यात औषधाचे थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन पोहोचलंय. पिवळं झालं नाही म्हणजे पोहोचलेलं नाही. याला ओटी टेस्ट म्हणतात. माझ्या आजीला, जिने शाळेचं तोंड पाहिलं नाही, तिला ही टेस्ट कळते. "आज पिवळा नाय झाला गो," असं ती आल्यागेल्याला सांगते.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य खात्याची माणसं येऊन सगळे पाण्याचे स्रोत बघतात. कठडा फुटलाय का, शेजारी गटार आहे का, पावडर साठवलीय कुठे. त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं: हिरवं, पिवळं किंवा लाल. लाल कार्ड मिळालं की तालुक्याच्या पेपरात नाव येतं, सरपंचाला ग्रामसभेत उभं करून विचारतात.

ही पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. कोकणातल्या दमट हवेत पावडरीचं पोतं उघडं राहिलं की तिच्यातलं क्लोरीन उडतं, आणि मग टाकलेली पावडर म्हणजे नुसता चुना. कागदावर टेस्ट झाल्या आणि प्रत्यक्षात झाल्या नाहीत, असंही होतं. पण मुळात कल्पना बघा. पाणी चांगलं आहे की नाही हे एका रंगात सांगायचं, तो रंग सगळ्यांना दिसला पाहिजे, आणि तो कुणाच्या तरी नावावर पाहिजे. महाराष्ट्राने हे शोधून काढलंय, वर्षानुवर्षं चालवलंय, आणि तेही सर्वांत कमी पैसे असलेल्या खेड्यांत.

मग जिथे तिकीट काढावं लागतं, कॉस्च्युम आणि टोपीची सक्ती आहे, सीसीटीव्ही आहे, त्या तलावाला कार्ड का नाही? माझ्या आजीला तिच्या विहिरीबद्दल जे कळतं ते मला माझ्या शहरी तलावाबद्दल का कळू नये?

झोपाळ्याखालची जमीन

तलावाकडून बागेकडे येते, कारण आजार तोच आहे.

भाचीचं पोहणं बंद झाल्यावर आम्ही संध्याकाळी एका बागेत जायला लागलो. बागेचंही नाव घेत नाही. तुमच्या गावातलीच समजा. झोपाळा, घसरगुंडी, सीसॉ, गोल चक्री. पिवळा-लाल ताजा रंग. मी झोपाळ्याची साखळी वर जिथे आडव्या दांड्याला अडकते तिथे बघितलं. एस आकाराची कडी झिजून निम्मी राहिली होती. रंगाच्या थराखाली गंज फुगला होता. आमच्याकडे हे लवकर होतं. मांडवी असो, भाट्ये असो, खारा वारा लोखंडाला सोडत नाही. रत्नागिरीत मोटरसायकलवाल्याला हे कळतं, खिडकीच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग काढणाऱ्या प्रत्येक गृहिणीला कळतं. बागेतला झोपाळा मात्र पुण्यात बसवल्यासारखा बसवून विसरून जातात.

आणि झोपाळ्याखाली काय होतं? पेव्हर ब्लॉक. त्याच्या कडेला जांभ्याचे चिरे.

खेळाच्या मैदानावरच्या दुखापतींत सर्वांत मोठा वाटा पडण्याचा असतो. त्यामुळे मुलगा किती उंचावरून पडतो इतकंच कशावर पडतो हेही मोजावं लागतं. युरोपात खेळसाधनांसाठी ईएन ११७६ आणि त्याखालच्या जमिनीसाठी ईएन ११७७ अशी दोन वेगळी मानकं आहेत. जमीन तपासायला डोक्यासारखं एक वजन वरून सोडतात, त्याला बसणारा धक्का मोजतात, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा तो जास्त असेल तर त्या उंचीसाठी ती जमीन बाद. अमेरिकेची ग्राहक सुरक्षा यंत्रणा १९८१पासून मैदानांसाठी पुस्तिका काढते. तिचं म्हणणं सरळ आहे: खेळसाधनांखाली काँक्रीट आणि डांबर नको. वाळू, लाकडाच्या ढलप्या, रबर असं काहीतरी सैल किंवा मऊ हवं, आणि तेही पुरेसं जाड.

त्याच पुस्तिकेतली आणखी एक गोष्ट वाचून मी घरातल्या गॅलरीचे गज मोजायला गेले होते. साधारण ९ ते २३ सेंटीमीटरची फट लहान मुलाला घातक असते. पाय आणि धड त्यातून जातं, डोकं अडकतं. हे कळायला लाखो रुपयांचं यंत्र लागत नाही, शाळेतली पट्टी पुरते.

आपल्याकडे काय आहे? १ जानेवारी २०२१पासून भारतात खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्या सक्तीत झोपाळे आणि घसरगुंड्यांसाठीचाही एक भाग आहे. पण तो भाग घरगुती वापराच्या साधनांसाठी आहे. तुम्ही गॅलरीत टांगायला प्लास्टिकचा झोपाळा आणलात तर त्याच्यावर तो मार्क हवा. ज्या झोपाळ्यावर रविवारी दोनशे मुलं बसतात, तो सार्वजनिक झोपाळा या भागात बसत नाही. निविदेत लिहिलं तर चांगल्या मानकाचा येईल. नाही लिहिलं तर वेल्डिंगवाला बनवेल तसा.

आणि बागेत मूल फक्त पडत नाही. मार्च २०२४मध्ये मुंबईत, वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात, चार आणि पाच वर्षांचे दोन भाऊ खेळायला गेले आणि तिथल्या पाण्याच्या टाकीत बुडून गेले. टाकीला पक्कं झाकण नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि माणसाच्या जिवाची किंमत अंदाजपत्रकातल्या अडचणींवर ठरणार का, अशा अर्थाचा प्रश्न विचारला. त्या टाकीपाशी रोज कुणीतरी जात असणार. तिथली बाग कुणीतरी झाडत असणार. झाकण नाही हे दिसलं असणार. पण "झाकण नाही" हे कुठे लिहायचं, कुणाला सांगायचं आणि ते किती दिवसांत बसलंच पाहिजे, हे ठरलेलं नसलं की दिसलेलंही न दिसल्यासारखं होतं.

"आम्हाला काय झालं?"

हा विषय काढला की चार उत्तरं मिळतात. चारही मी घरातच ऐकली आहेत.

पहिलं, बाबांचं. "आम्ही पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. आम्हाला काय झालं?" बाबा, ज्यांना काही झालं ते हे वाक्य बोलायला आज इथे नाहीत. आणि तुमच्या विहिरीलाही नियम होते. काठावर एक काका बसलेले असायचे. साबण लावून उतरायचं नाही. पिण्याची विहीर वेगळी. उन्हाळ्यात सगळी वाडी मिळून गाळ काढायची. तो नियम कागदावर नव्हता, कारण तो काकांच्या आवाजात होता. आता काका गेले, तिकीट खिडकी आली. मग काकांच्या जागी काय ठेवलंत?

दुसरं, आईचं. "एवढं जपून मुलं घाबरट होतात." यात तथ्य आहे आणि मी ते मान्य करते. १९४३ साली कोपनहेगनजवळ एमड्रुपला मुलांना फळ्या, हातोडी आणि खिळे देऊन हवं ते बांधू देणारं मैदान सुरू झालं. पुढे युरोपभर तशी मैदानं झाली. मला तशी बाग रत्नागिरीत हवी आहे. पण उंच झाडावर चढणारं मूल उंची बघत असतं, पाय कुठे ठेवायचा हे ते ठरवतं. झिजलेली कडी त्याला दिसत नाही. पाण्यातलं क्लोरीन दिसत नाही. जो धोका मुलाला दिसतो तो त्याचा आहे, त्याला घेऊ द्या. जो दिसत नाही, तो मोठ्यांचा आहे.

तिसरं उत्तर सगळ्यांचं. "पैसा कुठाय?" पाणी तपासायची साधी पेटी, दोन नळ्या आणि दोन बाटल्यांची, काही शे रुपयांत मिळते. ढलप्या गावातल्या वखारीत पडलेल्या असतात. झोपाळ्याची कडी बदलायला मिस्त्रीची अर्धी दुपार लागते. बागेच्या प्रवेशद्वारावर डॉल्फिन बसवायला पैसा असतो, तोही बघा. मला डॉल्फिनचा राग नाही, पण आधी कडी.

चौथं उत्तर मला सर्वांत जास्त घाबरवतं. "नियम लावायला गेलात तर तलावच बंद करून टाकतील." हे खोटं नाही. आपल्याकडे अपघात झाला की पहिली कृती म्हणजे कुलूप. मग तीन वर्षं दुरुस्तीची फाइल फिरते आणि मुलं पुन्हा खाडीत आणि खाणीच्या खड्ड्यात पोहायला जातात, जिथे ना क्लोरीन, ना जीवरक्षक. म्हणून मी कुलूप मागत नाही, नोंद मागतेय. आकडा बिघडला तर दोन तास तलाव बंद, आकडा सुधारला की सुरू. दोन तासांचं कुलूप मला चालेल. तीन वर्षांचं कुलूप त्यानेच टळतं.

परदेशात सगळं चकाचक असतं असंही कुणी समजू नये. अमेरिकेत पाच राज्यांतल्या २०१३मधल्या तलाव-तपासण्या एकत्र करून बघितल्या, तर सुमारे ८० टक्के तपासण्यांत किमान एक दोष निघाला आणि साधारण दर आठपैकी एका तपासणीत तलाव तिथल्या तिथे बंद करावा लागला. पाणी तिथेही बिघडतं. फरक एवढाच की किती बिघडतं ते त्यांना सांगता येतं. आपला आकडा विचारलात तर उत्तर येईल, निळंशार.

मगर, वायू आणि खेकडे

ऑक्टोबर २०२३मध्ये दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात मगरीचं पिल्लू सापडलं. देशभर बातमी झाली, मीम झाली, मी पण फॉरवर्ड केली. त्याच महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडीतल्या महापालिकेच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्या लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. ती बातमी आली आणि गेली. मगर दिसते, वायू दिसत नाही. क्लोरीन कमी पडलं तर आजार आणि साठवण बिघडली तर विषबाधा. म्हणजे हे "थोडी पावडर टाक रे" म्हणून सोडून द्यायचं काम नाही. त्याला शिकलेला माणूस लागतो, आणि त्या माणसाला नीट पगार.

आमच्या जिल्ह्याने नोंदीची किंमत याहून मोठ्या पाण्यात मोजली आहे. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसेक माणसं गेली, त्यांत मुलं होती. गळती आहे हे गावकरी आधीपासून सांगत होते. फुटल्यानंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. महाराष्ट्र हसला. मला तेव्हा हसू आलं नव्हतं, आजही येत नाही. कुठल्या तारखेला कुणी भिंत पाहिली, काय आढळलं, कुणी दुरुस्त केलं, हे गावाच्या डोळ्यांसमोर लिहिलेलं असतं तर दोष खेकड्यावर ढकलता आला नसता. नोंद नसते तिथे नेहमी कुणीतरी खेकडा सापडतो. तलावात तो "मुलाला आधीपासूनच सर्दी होती" असतो. बागेत तो "आईचं लक्ष नव्हतं" असतो.

एक पाटी

माझी मागणी एका पाटीत मावते.

तलावाच्या दारावर, तिकीट खिडकीच्या शेजारी, खडूने लिहिता येईल असा फळा. दिवसातून किमान तीनदा: वेळ, क्लोरीन, पीएच, तलावाचा तळ स्पष्ट दिसतो का, आणि तपासणाऱ्याचं नाव. खाली छापलेलं: आकडा कुठल्या मर्यादेबाहेर गेला तर तलाव बंद. त्याच्याखाली आपल्यासाठी: आधी अंघोळ करा, जुलाब झाले असतील तर घरी थांबा, पाण्यात लघवी करू नका. कारण अर्धी घाण आपण घरून नेतो, आणि हे न बोलता फक्त प्रशासनाला शिव्या देणं अप्रामाणिक आहे.

बागेच्या दारावर दुसरा फळा: साधनं शेवटची कधी तपासली, काय आढळलं, काय दुरुस्त झालं, पुढची तपासणी कधी, आणि तक्रारीसाठी एक चालू असलेला फोन नंबर. समुद्रकाठच्या गावांत गंजाची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर, विहिरींची होते तशीच.

"खोटे आकडे लिहितील," असं तुम्ही म्हणाल. लिहितील. पण खोटा आकडा पकडता येतो. पेटी घेऊन कुणीही आई तिथेच उभी राहून तपासू शकते. आज खोटं बोलायचीसुद्धा गरज पडत नाही, कारण कुणी काही सांगतच नाही.

हे होईपर्यंत विचारत राहायचं. तलाव किंवा बाग सार्वजनिक संस्थेची असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत नोंदवहीची प्रत मागता येते. २००५च्या त्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वस्तूचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत लिहावा लागतो. आपण इन्स्टाच्या कॅप्शनला त्याहून जास्त लिहितो. डिसेंबर २०२५मध्ये राज्यात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. वर्षानुवर्षं प्रशासक होते, तेव्हा विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. आता तुमच्या प्रभागात मत मागायला आलेला माणूस आहे. त्याला विचारा, आमच्या तलावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे?

मी पेटी विकत घेतली आहे. परवा भाचीला घेऊन पुन्हा त्याच तलावावर गेले. दादांना विचारून काठावरून एक नळी पाणी घेतलं, थेंब टाकले. आम्ही तिघं नळीकडे बघत उभे राहिलो, मी, भाची आणि दादा. पाणी पिवळं झालंच नाही. भाची चिडली, कारण मी तिला आत सोडलं नाही. दादा मात्र बराच वेळ नळी उजेडात धरून बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "ही पेटी मिळते कुठे?"

मी पेटी त्यांच्याकडेच ठेवून आले. फळा त्यांच्या साहेबांनी लावायचा आहे. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जाणार आहे. तुम्हीही तुमच्या तलावावर जा, आणि रांगेत हसले लोक तरी आकडा विचारा.